पाहुण्यांची यादी

आमच्या सरांना शर्ट कधीच नीट बसला नाही. डहाणूच्या बाजारातून ते रेडीमेड शर्ट घ्यायचे, माप न बघता, रंग न बघता, दुकानदार पहिला काढील तो. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत. मग त्या बाह्यांच्या घड्या घालत घालत ते बोलायचे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी आगाऊपणा करून म्हणालो, "सर, इथे शिंपी आहे. बाह्या आखूड करून देईल."

"कारखान्याने हा शर्ट कोणासाठी शिवलाय?" सरांनी विचारलं.

"कोणासाठी?"

"सरासरी माणसासाठी. तो भेटला की त्याला देऊन टाकीन. दुसऱ्याची वस्तू कापायची कशाला?"

सरासरी माणूस काही त्यांना भेटला नाही. शर्ट त्यांनीच वापरून फाडला आणि पुन्हा तसलाच दुसरा आणला.

२०१४ सालची गोष्ट. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि वाणगावला घरी बसलो होतो. घरची मिरची आणि भाजीपाला. वडील रोज सकाळी म्हणायचे, "मोजायला शिकलास ना? मग चल, क्रेट मोज." त्या क्रेटमधून सुटायला मी मिळेल ती नोकरी धरली असती. डहाणूतल्या एका संस्थेकडे डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या शाळांतल्या मुलांना वाचता किती येतं, गणित किती येतं, ते तपासायचं काम आलं होतं. उत्तरपत्रिका संगणकात भरायला मी, आणि भरलेल्याचं पुढे काय करायचं ते सांगायला सर.

सर कुठल्याशा विद्यापीठातून निवृत्त होऊन आले होते. देशावरचा माणूस या किनाऱ्यावर कशाला आला, याबद्दल ऑफिसात तीन-चार मतं होती. कोणी म्हणे बायको गेल्यावर घर खायला उठलं, कोणी म्हणे डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली. सरांना विचारलं तर म्हणायचे, "चिकू आवडतात." चिकूच्या वाडीतच खोली घेऊन राहिले होते. पण साखरेचा आजार असल्याने चिकूला त्यांनी कधी हात लावलेला मी पाहिला नाही.

त्यांच्या झोळीत एक दगड असायचा. पारनाक्याच्या किनाऱ्यावर सापडलेला, काळा, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा. बाजारात कुठल्याही भाजीवाल्याकडे गेले की आधी दगड काट्यावर ठेवायचे, वजन वहीत टिपायचे आणि मगच वांगी घ्यायचे. जास्त भरला म्हणून ते कधी भांडले नाहीत, कमी भरला म्हणून खूश झाले नाहीत. नुसतं टिपायचे. वाणगावच्या बाजारात त्यांना सगळे ओळखू लागले. एक गुजराती भाजीवाली तर लांबूनच हाक मारायची, "काका, पथरानो भाव शुं छे आजे?" सर गंभीरपणे दगडाचं कालचं वजन सांगायचे. मी चार पावलं मागे राहायचो, कोणी ओळखीचं बघेल या भीतीने. आमच्याच गावचा बाजार तो.

आता आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर सरांचं वेड कळणार नाही. समजा मुलांना वीस गणितं दिली. संगणक प्रत्येक मुलाला एक आकडा देतो, हे किती हुशार. प्रत्येक गणितालाही एक आकडा देतो, हे किती अवघड. मग या दोन आकड्यांवरून तो अंदाज बांधतो की या मुलाला हे गणित यायला हवं, ते येऊ नये. या अंदाज बांधण्याच्या रीतीला मॉडेल म्हणायचं. मॉडेलने म्हटल्यासारखी मुलांनी उत्तरं लिहिली असली तर मॉडेल बसलं. नसली तर कुठे बसलं नाही ते शोधायचं. साधारण माणसं काय करतात? बहुतेक ठिकाणी बसलं ना, झालं तर मग, असं म्हणून अहवाल छापून मोकळी होतात. जी मुलं बसत नाहीत ती वगळायची, जी गणितं बसत नाहीत ती काढून टाकायची. उरलेलं अगदी सुबक दिसतं.

सर उलटे. बसलेल्या मुलांकडे ते ढुंकून बघायचे नाहीत. सकाळी चहाचा कप हातात आला की त्यांचा पहिला प्रश्न, "आज किती पाहुणे?"

पाहुणे म्हणजे मॉडेलात न बसणारी मुलं. सोपं चुकलेली आणि अवघड बरोबर आलेली. मी यादी काढून द्यायचो. सर ती पेपरासारखी वाचायचे, पेन्सिलीने खुणा करायचे, आणि मग म्हणायचे, "चला. पाहुणा आपल्याकडे येत नसतो, आपणच जायचं." हे कुठल्या घराण्याचं आतिथ्य म्हणायचं ते मला कळत नसे. पण पुढचा सगळा दिवस टमटममधून हाडं खिळखिळी करून घेण्यात जायचा.

अशीच एकदा कोसबाडच्या बाजूच्या एका आश्रमशाळेतली मुलगी यादीत आली. पहिली सहा गणितं कोरी. बेरीज, वजाबाकी, अगदी दुसरीतली. पुढची सगळी अवघड गणितं बरोबर. मी म्हणालो, "सर, शेजारणीचं बघून लिहिलं असणार." सर म्हणाले, "शेजारीण एवढी हुशार आणि हिला सोपं दाखवत नाही? मग तर मैत्रिणीचाच अभ्यास करायला हवा." गेलो. मुलगी वर्गातून बाहेर आली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. सरांनी तिची उत्तरपत्रिका तिच्या हातात दिली. तिने पहिलं पान हळूच तळव्याने सारखं केलं. त्या वर्षी संस्थेने पहिल्या पानावर रंगीत चित्र छापलं होतं, झाड आणि त्यावर पोपट.

"हे पान चांगलं होतं," ती म्हणाली. "खराब कशाला करायचं? मला वाटलं, घरी न्यायला देतील."

सरांनी ती उत्तरपत्रिका तिला देऊन टाकली. सरकारी कामाचा कागद असा वाटता येत नाही, असं मी परतताना म्हणालो. ते बाह्यांच्या घड्या घालत बसले. ऑफिसात आल्यावर त्या मुलीच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'मूल ठीक. पानाची चूक.'

अशा नोंदींनी वही भरली होती. एकजण उजवी बाजू आधी वाचायचा, कारण डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. एका वर्गात शेवटची सगळी गणितं कोरी, कारण पोषण आहाराची खिचडी शिजल्याचा वास आला होता. मी तेव्हा हसायचो. आज वाटतं, ती वही माझ्याकडे असती तर मी कुठल्या पुस्तकाच्या बदल्यातही दिली नसती. संध्याकाळी ऑफिसच्या ओट्यावर पाय सोडून बसलेले सर, वाडीतून येणारा पिकल्या चिकूंचा वास, आणि "अरे, ऐक हा पाहुणा कसा होता" अशी सुरुवात. तेवढ्यासाठी मी वाणगावची परतीची गाडी कितीदा तरी सोडली.

आमच्या संचालक मॅडमना मात्र हे सोसवेना. अहवाल लांबायचा. त्या म्हणायच्या, "सर, त्या गणिताचा आयटम ड्रॉप करू या ना. फिट छान येईल." सर विचारायचे, "मॅडम, चप्पल चावते म्हणून अंगठा ड्रॉप करता का?" मॅडम माझ्याकडे बघायच्या. मी संगणकाकडे बघायचो.

२०१६ साली सर डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेले, पंधरा दिवसांसाठी. त्या पंधरा दिवसांत मी काय केलं ते सांगायला माझी लेखणी अजून अडखळते.

तलासरीकडच्या शाळांची परीक्षा नुकतीच झाली होती. शिक्षण खात्याच्या कचेरीतून विचारणा आली की कुठे कॉपीचा संशय असेल तर कळवा. मॅडम म्हणाल्या, सर आले की बघू. पण माझ्या अंगात आलं होतं. दोन वर्षं सरांच्या मागे फिरून आपल्याला सगळं कळतं असं वाटू लागलं होतं. यादी काढली तर एक शाळाच्या शाळा तिच्यात. धरणाच्या काठावरचा एक पाडा, तिथली छोटी शाळा. गणित असं होतं: तीन मैत्रिणींनी मिळून चोवीस मासे पकडले. ते सारखे वाटून घेतले. प्रत्येकीला किती मिळाले? उत्तर आठ. याहून अवघड भागाकार त्या वर्गाने झकास सोडवले होते. आणि इथे झाडून सगळ्यांनी लिहिलं होतं, सहा.

सगळ्यांचं एकच चुकीचं उत्तर. म्हणजे कोणीतरी सांगितलेलं. कोणीतरी म्हणजे बाईच. मी सुतावरून स्वर्ग गाठला आणि मेल करून टाकला. शाळेचं नाव, आणि पुढे शेरा, 'शिक्षिकेकडून उत्तर सांगितले गेल्याची दाट शक्यता'. 'दाट' हा शब्द घालताना मला फार बरं वाटलं होतं.

सर परतले ते काळा चष्मा लावून. चहा हातात घेतला आणि म्हणाले, "किती पाहुणे?"

"एक अख्खी शाळा आलीय सर," मी म्हणालो. "कळवूनसुद्धा टाकलं."

सरांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढायचा नाही म्हणून सांगितलं होतं. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता. "भेटायला न जाता?" त्यांनी विचारलं. मग उत्तरपत्रिका मागवल्या, भिंग लावून एकेक बघितली, आणि तासाभराने म्हणाले, "बाकीच्या गणितांत यांच्या चुका वेगवेगळ्या आहेत. उत्तर सांगणारी बाई एकाच गणिताचं सांगते होय, आणि तेही चुकीचं? पाहुणा दारात आला आणि तू चोर चोर म्हणून ओरडलास."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाड्यावर गेलो. शाळेच्या बाई तरुण होत्या, देशावरून नेमणुकीला आलेल्या. शिक्षणसेवकाची तीन वर्षं दोन महिन्यांत संपणार होती आणि त्या कायम होणार होत्या. आमच्या आधी नोटीस पोचली होती. बाईंचा चेहरा उतरलेला. आम्ही संस्थेचे म्हटल्यावर त्यांनी बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. सरांनी झोळी खाली ठेवली. ते ओसरीवर मांडी घालून बसले, मुलांकडून चिंचोके मागवले आणि चोवीस मोजून एका चौथीतल्या मुलीपुढे ठेवले.

"हे मासे. तुम्ही तिघी मैत्रिणी धरणावर गेलात आणि एवढे मिळाले. वाटून दाखव बघू."

मुलीने भराभर ढीग लावले. चार. सहा-सहाचे.

"तिघींचे तीन," सर म्हणाले. "हा चौथा कोणाचा?"

"जाल्याचा."

"जाळ्याला कशाला वाटा?"

मुलीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, ह्यांना काहीच कसं माहीत नाही म्हणून. "मंग? मासं का हातानं धरलं? ज्याचा जालं हाय तो नेल."

"आणि जाळं तुझंच असलं तर?"

"तं मला दोन वाटं."

मागची मुलं माना हलवत होती. पाड्यात दोन-तीनच घरांत जाळी होती. चार पोरं मासे धरायला गेली की जाळं मागून न्यायची आणि येताना जाळ्याचा वाटा त्या घरी पोचता करायची. बाकीच्या शाळा पाण्यापासून लांब होत्या, तिथल्या मुलांना जाळं आठवलंच नाही. आम्हालाही आठवलं नव्हतं. गणित ज्यांनी काढलं त्यांच्या मैत्रिणींनी चोवीस मासे बहुधा हातांनीच धरले होते.

सर पोट धरून हसले. काळ्या चष्म्याखालून पाणी आलं. मग एकदम गंभीर होऊन ते बाईंकडे वळले. "बाई, चूक आमची आहे. मी उद्याच कचेरीत जाऊन सांगतो."

"उशीर झाला सर," बाई म्हणाल्या. "मी लिहून दिलं काल."

"काय लिहून दिलंत?"

"उत्तर मी सांगितलं म्हणून. साहेब म्हणाले, कबूल करा, ताकीद देऊन मिटवतो. नाहीतर चौकशी लागेल, मग कायम व्हायचं विसरा." त्यांनी आमचे पाण्याचे पेले उचलले. "आणि आज ऐकलं की कबुली दिली म्हणूनच आता फाईल वर जाणार आहे."

मी ओसरीवरचे चिंचोके गोळा करायला लागलो. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे कचेरीत. साहेबांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं, जाळ्याच्या वाट्यासकट, आणि हसून म्हणाले, "गोष्ट छान आहे सर. पण फाईलमध्ये दोन कागद आहेत. तुमच्या संस्थेचा शेरा आणि बाईंची कबुली. एक कागद दुसऱ्याला धरून आहे. मी गोष्ट कुठे लावू?"

"तिसरा कागद देतो," सर म्हणाले. "शेरा चुकीचा होता. चूक मोजणाऱ्याची आहे."

"मोजणारा कोण?"

मी सरांच्या मागे उभा होतो, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. एक पाऊल पुढे टाकलं असतं तरी पुरलं असतं. बाई शेजारीच उभ्या होत्या.

"मी," सर म्हणाले.

तिथेच बसून त्यांनी पानभर लिहिलं. बाह्या पुन्हा पुन्हा कागदावर उतरत होत्या आणि ते त्या वर सारत होते. खाली सही केली, पूर्वीचं विद्यापीठाचं पदही लिहिलं, जे ते एरवी कधी लिहीत नसत. त्या कागदाने काम केलं. बाईंची कबुली परत मिळाली, दोन महिन्यांनी त्या कायम झाल्या. पण सल्लागारच चूक मान्य करतो म्हटल्यावर संस्थेच्या सगळ्याच अहवालांवर प्रश्न आले. मॅडमनी सरांचा करार पुढे चालवला नाही. त्यांना वाईट वाटलं होतं, ते खरं. पण त्यांनाही वरून विचारणारे होते.

आणि मेल कोणी पाठवला होता ते मॅडमना माहीत होतं, सरांना माहीत होतं, मला माहीत होतं. ऑफिसात त्यावर कोणी बोललं नाही. मीही नाही.

काम गेलं तरी सर डहाणूतच राहिले. वाडीतल्या मुलांना गणित शिकवायचे, बाजारात दगड तोलायचे. महिन्या-दोन महिन्यांनी त्या पाड्यावरही जायचे, बाईंच्या वर्गात बसायचे, असं कानावर यायचं. मी बोईसरला नोकरी धरली. सुरुवातीला सणावारी भेटायला जायचो. सर नेहमीसारखेच. चहा टाकायचे, कुठल्याशा मुलाची गंमत सांगायचे आणि मग थोडा वेळ गप्प बसून माझ्याकडे बघायचे. ती शांतता मला सोसत नसे. मी गाडीची वेळ झाली म्हणून उठायचो. पुढे पुढे जाणंच कमी केलं. एवढा जीव लावणाऱ्या माणसाला मी नुसत्या लाजेपोटी टाळलं, याचं दुःख अजून जात नाही.

२०१९मध्ये गणपतीनंतर सर गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मला दोन दिवसांनी कळलं. आठवड्याभराने एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई होत्या. माझा नंबर त्यांनी कुठून मिळवला होता कोण जाणे.

"सरांचं कळलं ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात आले होते शाळेत. मुलं विचारतायत अजून."

आम्ही थोडा वेळ सरांबद्दल बोललो. त्यांचे शर्ट, त्यांचं हसणं. बाई म्हणाल्या, "माझी नोकरी त्या माणसाने वाचवली." आणि मग माझ्याने राहवलं नाही.

"बाई," मी म्हणालो, "तो शेरा सरांचा नव्हता. मी पाठवला होता. सर तेव्हा इथे नव्हतेच."

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. बाईंनी त्यांना गप्प केलं असावं, कारण तो थांबला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "नोटिशीला तुमच्या मेलची प्रिंट जोडली होती. खाली तुमचं नाव होतं. साहेबांना काय, कोणीतरी जबाबदार सही हवी होती."

"मग तुम्ही कधी काही..."

"त्या दिवशी कचेरीच्या बाहेर मी विचारणारच होते तुम्हाला. तुम्ही रिक्षा बघायला गेला होतात. सरांनी मला थांबवलं. म्हणाले, पोराला मी ओळखतो, आठ दिवसांत स्वतः येऊन सांगेल, तोवर तुम्ही काही बोलू नका."

मी विचारलं, "मग तुम्ही वाट बघितलीत?"

"मी बघितली थोडे दिवस. मग सोडून दिलं," बाई म्हणाल्या. "सर मात्र शाळेत आले की दर वेळी विचारायचे, आला होता का?"